सातवीच्या ४२ मुलांना समुद्र दाखवायचा आहे: किनाऱ्यावर तीन तासांत नेमकं काय करून घ्यावं?

कृष्णाकाठ

नमस्कार. कराड तालुक्यातल्या एका शाळेत सातवीला विज्ञान आणि भूगोल शिकवते. जानेवारीत ४२ मुलांची दोन दिवसांची सहल एसटीने कुंभार्ली घाटातून चिपळूण आणि गुहागरकडे न्यायची आहे. सोबत पाच शिक्षक. बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नाही.

'वाळूत खेळा, फोटो काढा, परत या' एवढंच व्हायला नको आहे. सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा धडा आहे, तो तिथे प्रत्यक्ष दिसावा. समुद्र जपायचा तो का, हेही मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी कळावं. सध्या यादीत एवढंच आहे: किनारा स्वच्छता आणि शपथ, शंख-शिंपले गोळा करून वर्गात संग्रह, खाऱ्या पाण्यात अंडं तरंगण्याचा प्रयोग आणि घोषवाक्यांची स्पर्धा. साहित्याला दोन हजार रुपयांपर्यंत खर्च चालेल. ठरलेली तारीख षष्ठी-सप्तमीची आहे, दुपारी बाराला किनाऱ्यावर पोचू. यात काय बदलावं, काय ठेवावं? सुरक्षेबद्दलही स्पष्ट सांगा.

खडपवाट

ताई, सगळ्यात आधी तारीख बदला. बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

मुलांना समुद्र 'आतून' दिसतो तो ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकाळ भागावर. वाळूवर नव्हे. खडप उघडं पडायला उधाणाची ओहोटी लागते. अमावस्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असते. तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. षष्ठी-सप्तमीला ओहोटी बाराच्या आधीच होऊन जाईल, शिवाय खालचा निम्मा खडक पाण्यातच राहील, आणि पाहण्यासारखं जे आहे ते नेमकं त्या निम्म्यात असतं.

कोकणातला जुना हिशेब मुलांकडूनच करून घ्या: तिथीला पाऊणने गुणा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. तृतीया असेल तर ३ × पाऊण = सव्वादोन. ओहोटी साधारण सहा तास बारा मिनिटं आधी, म्हणजे सकाळी आठच्या सुमारास. हा अंदाज झाला, त्यात पाऊण-एक तासाचा फरक पडतो. शिवाय आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, म्हणून गुहागरला ती मुंबईच्या आधी येते. मुंबईची वेळ पाहून गुहागरला उतरलात तर पाणी आधीच फिरलेलं असेल. पक्की वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटी तक्त्यांवरून किंवा जवळच्या बंदरावर विचारून घ्या. तक्त्यात वेळेशेजारी मीटरमध्ये उंची दिलेली असते. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, म्हणून तीही वाचा. आकडा जितका लहान, तितका खडप जास्त उघडा. द्वितीया ते चतुर्थी, शुद्ध असो वा वद्य, शाळेच्या सहलीला सोयीची: ओहोटी साधारण सव्वासात ते पावणेनऊच्या दरम्यान पडते आणि ऊनही कोवळं असतं. पौर्णिमेलाच गेलात तर ओहोटी पहाटे अंधारात आणि संध्याकाळी उशिरा. म्हणजे पहिला दिवस प्रवासाचा आणि मुक्कामाचा, दुसऱ्या दिवशी सकाळी खडप.

खडपावर उतरायचं ते ओहोटीच्या दीड तास आधी, म्हणजे पाणी मागे हटत असताना. ओहोटीची वेळ झाली की अर्ध्या तासात सगळे वर. हे घड्याळ एका शिक्षकाच्या हातात द्या आणि त्याला दुसरं काम देऊ नका. कारण साधं आहे. भरती एकसारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांत एकूण चढाचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक, मग दोन, तीन, तीन, दोन, एक असं पाणी चढतं. चढ २.४ मीटरचा असेल तर पहिल्या तासात २० सेंटिमीटर, तिसऱ्या तासात ६०. खडकाचा उतार तीस मीटरला एक मीटर असेल तर त्या एका तासात पाणी १८ मीटर आत येतं. तेही सरळ रेषेत नाही. आधी घळी भरतात आणि मुलं उभी असलेला उंचवटा बेट होतो.

जागा निवडताना वरून सुंदर दिसते म्हणून निवडू नका. सपाट, कमी उताराचं खडप हवं, वाळूला चिकटलेलं, परतताना एकही पाण्याची वाट ओलांडावी लागणार नाही असं. हेदवीची बामणघळ भरतीला वरून, लांबून पाहायची जागा आहे. लाट त्या चिरेत शिरून उसळते. मुलांना तिथे खडकावर उतरवू नका. एका शिक्षकाने आदल्या दिवशी त्याच ओहोटीला जागा चालून पाहावी आणि गावातल्या कालवं (खडकाला चिकटलेले शिंपले) काढणाऱ्या बायकांना विचारावं. कुठला दगड निसरडा, कुठे पाणी आधी शिरतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

पोहणं, कमरेएवढ्या पाण्यात जाणं कार्यक्रमातच नको. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. मर्यादा गुडघ्याची ठेवा आणि पाण्याच्या बाजूला दोन मोठी माणसं उभी ठेवा, तोंड मुलांकडे नव्हे, समुद्राकडे. आठ मुलांमागे एक मोठा माणूस धरला तर ४२ मुलांना सहा लागतात, शिवाय पाण्याकडे पाहणारे दोन आणि घड्याळवाला एक. तुमचे पाचजण पुरणार नाहीत, पालक सोबत घ्या. आदल्या दिवशी हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा उंच लाटांचा इशारा पाहा. जानेवारीतही लांबून आलेली लाट उसळू शकते.

पायात बंद, जुने कॅनव्हासचे बूट, नाडी बांधलेले. चप्पल नको, अनवाणी तर अजिबात नको. कालवांची कड ब्लेडसारखी कापते.

चिंबोरी

तारखेचं वरच्या प्रतिसादात आलंच आहे. आता खडपावर काय करायचं ते.

४२ मुलांना 'बघा, किती छान' म्हणून सोडलं तर दहा मिनिटांत ती पाण्याकडे पळतात. त्यांना छोटी, आखलेली जागा द्या. सातजणांचे सहा गट करा आणि प्रत्येक गटाला ५० × ५० सेंटिमीटरची एक चौकट. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे चार तुकडे आणि चार एल्बो, म्हणजे सहा चौकटींना १२ मीटर पाइप आणि २४ एल्बो. एल्बोमुळे आतली लांबी थोडी बदलते, म्हणून आधी एकच चौकट जुळवून आतून मोजा, मग बाकीचे तुकडे कापा. पाइपला दोन-चार भोकं पाडा, नाहीतर चौकट पाण्यावर तरंगत राहते. दर १० सेंटिमीटरवर आडवा-उभा नायलॉनचा दोरा ताणला की २५ घरं होतात. एक घर म्हणजे चार टक्के. पाइप नको असेल तर दोन मीटर सुतळीला दर ५० सेंटिमीटरवर गाठ मारा, गाठी चार कोपऱ्यांना धरा, चौकट तयार. पण ओली सुतळी आखडते, आदल्या रात्री भिजवून मग मोजा.

चौकट 'छान दिसतंय तिथे' ठेवली की मोजणी फुकट जाते, कारण मुलं नेमकी रंगीत जागा निवडतात. म्हणून कोरड्या खडकापासून पाण्याच्या कडेपर्यंत २० मीटरचा टेप सरळ टाका आणि ०, ४, ८, १२, १६, २० मीटरवर एकेक गट बसवा. चौकट फेकायची नाही. ती मोडते, कुणाला लागते, आणि खालचे प्राणी चिरडतात. वेळ उरला तर गटांच्या जागा बदला आणि दोन गटांचे आकडे जुळतात का ते पाहा. न जुळण्याचं कारण शोधण्यातच खरं विज्ञान शिकून होतं.

सहा चौकटींत सहा वेगळ्या वस्त्या दिसतील. सगळ्यात वर जवळजवळ उघडा काळा खडक, चिरांत ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोगलगायी. त्याखाली बार्नॅकलचे, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या कवचवाल्या छोट्या प्राण्यांचे, पांढरे खरखरीत ठिपके. मग कालवं. मग हिरवं शेवाळ, आणि रबरी गाद्यांसारखे हिरवट-तपकिरी झोअँथिड, समुद्रफुलं, स्पंज हे खडकाला चिकटून राहणारे प्राणी. मुलांना विचारा, बार्नॅकल आणखी वर का नाही, आणि आणखी खाली का नाही? वरची मर्यादा ऊन आणि कोरडेपणा ठरवतो. खालची मर्यादा बहुतेकदा शेजारी ठरवतात: कुणीतरी जागा बळकावतं, कुणीतरी खातं. एवढा एक मुद्दा मुलांना सापडला तरी सहल सार्थकी लागली, कारण 'खडकावरचं जग दोन-चार बोटांच्या उंचीवर बदलतं' हे समजलेलं मूल खडक तुडवत जात नाही.

बार्नॅकल शेकड्याने असतात, सगळे मोजत बसू नका. मधल्या एका घरातले मोजा आणि २५ ने गुणा. घर आधीच ठरवून ठेवा, नाहीतर प्रत्येक गट सगळ्यात दाट घर निवडतो. शेवाळ, झोअँथिड यांचे नग मोजता येत नाहीत. किती घरं अर्धी किंवा जास्त भरली आहेत ते मोजून चारने गुणा.

सोबत एक अल्कोहोलचा तापमापक ठेवा, पाऱ्याचा नको, फुटला तर पंचाईत. खडकातल्या छोट्या डबक्याचं, मोठ्या डबक्याचं आणि समुद्राचं तापमान अर्ध्या-अर्ध्या तासाने घ्या. छोटं डबकं भराभर तापतं आणि त्याचं पाणी उडून खारटपणा वाढतो. त्या डबक्यातला मासा पुढची भरती येईपर्यंत काय काय सोसतो, हे आकड्यांतून दिसतं.

डबक्यात पाहायला पाणदुर्बीण करा. प्लास्टिकच्या जुन्या डब्याचा तळ कापा, तिथे पारदर्शक जाड प्लास्टिक ताणून रबराने घट्ट बांधा, तो भाग पाण्यात टेकवा. पाण्याच्या दाबाने प्लास्टिक आत फुगतं, थोडं मोठंही दिसतं. कापलेली कड इन्सुलेशन टेपने गुंडाळा.

दगड उलटायचाच असेल तर गटाने एकच, तळहातापेक्षा लहान. हळू उलटा, एक मिनिट पाहा, आणि होता त्याच बाजूने, त्याच खळग्यात परत ठेवा. दगडाच्या खालच्या बाजूची अंडी आणि स्पंज उन्हात मरतात, वरचं शेवाळ अंधारात कुजतं. उलटा टाकलेला एक दगड म्हणजे दोन वस्त्या गेल्या. पुस्तकातलं 'परिसंस्था' हे प्रकरण मुलांना त्या एका दगडात दिसतं.

कृष्णाकाठ

फार उपयोगी. तारीख बारा दिवस पुढे ढकलता येईल, म्हणजे पुढच्या पक्षातली तृतीया मिळते. आठ पालकांनाही विचारते.

दोन शंका. मुलांनी प्राण्यांना हात लावावा की नाही? आणि शंख-शिंपल्यांच्या संग्रहाचं काय? मुलं त्यासाठी रिकाम्या पिशव्या घेऊनच येणार.

चिंबोरी

संग्रह रद्द करा. रिकामा शंख रिकामा नसतो, पुढच्या शंखातल्या खेकड्याचं ते घर असतं. खेकडा वाढला की त्याला मोठा शंख लागतो आणि तो सापडला नाही तर त्याला तोकड्या घरात अंग कोंबून राहावं लागतं. मुलांना गोळा करायचंच असेल तर रेखाटनं गोळा करू द्या: एक शंख, पाच मिनिटं, पेन्सिल, मोजपट्टीने लांबी. मग शंख होता तिथे. किनाऱ्यावरच्या दुकानांतले पॉलिश केलेले मोठे शंख बहुतेकदा जिवंत प्राणी काढून मिळवलेले असतात, तेही घेऊ नका. पोवळी, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या हे तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, वाळलेला तुकडासुद्धा पिशवीत नको.

हात लावण्याबद्दल माझं मत 'अजिबात नाही' असं नाही. बार्नॅकलवर ओलं बोट फिरवलं की खरखर कळते, ती वाचून कळत नाही. पण बोट आधी समुद्राच्या पाण्यात भिजवायचं, एकच बोट, आणि फक्त शिक्षकाने दाखवलेल्या गोष्टीला. काहीही खडकावरून ओढून काढायचं नाही. बाटलीत तर काहीच भरायचं नाही. पाणी तापतं, प्राणवायू संपतो आणि तासाभरात प्राणी मरतो.

खडपवाट

यात दोन अपवाद ठणकावून सांगा. झोअँथिडच्या त्या रबरी गाद्यांना हात नको. त्यांच्या काही जातींत तीव्र विष असतं, ते जखमेतून किंवा डोळ्यांत जाऊ शकतं. आणि शंकूच्या आकाराचा, नक्षीदार, जिवंत शंख उचलायचा नाही. तो प्राणी विषारी काटा मारतो. वाळूवर पडलेला निळा फुगा किंवा निळे धागे दिसले तरी लांबून पाहायचं. वाळलेला धागासुद्धा चावतो.

पिशवीत काय ठेवाल: प्यायच्या पाण्याच्या जादा बाटल्या, जंतुनाशक, पट्ट्या, चिमटा, थर्मासमध्ये गरम पाणी. कालवाने कापलं तर स्वच्छ पाण्याने कण निघेपर्यंत धुवा, नुसती पट्टी लावून झाकू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा. जेलीफिशचा धागा लागला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा. घासू नका, गोडं पाणी ओतू नका, उरलेल्या डंखपेशी त्याने फुटतात. पाकट किंवा शिंगाळा या माशांचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४० ते ४५ अंश, पाय अर्धा तास तरी बुडवून ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा. पाणी आधी मोठ्या माणसाने हाताने तपासायचं, दुखण्यात मुलाला भाजलेलं कळत नाही. पायाला डांबराचा गोळा चिकटला तर खोबरेल तेलाने निघतो, रॉकेल लावू नका.

तिवर

वरचं सगळं किनाऱ्यावरचं झालं. कराडच्या मुलांसाठी खरी गंमत रस्त्यात आहे, ती सोडू नका.

'आपण नदीत टाकलेला कचरा या समुद्रात येतो' असं मुलांना गुहागरच्या वाळूवर सांगितलं जातं. तुमच्या मुलांच्या बाबतीत ते चूक आहे. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ६५ किलोमीटर. तरी ती पाठ फिरवते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून आंध्रात हंसलदीवीला बंगालच्या उपसागराला मिळते. कराडला वेफर्सचं पाकीट कृष्णेत पडलं तर ते धरणं-बंधाऱ्यांत अडकत, तुटत, तिकडे जाईल. गुहागरला नाही.

पण प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळणारी कोयना? तिचं पाणी दोन्हीकडे जातं. धरणातून सोडलेलं कराडला येतं. वीज करण्यासाठी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला नेलेलं पाणी पोफळीकडे उतरतं, वाशिष्ठीत पडतं, चिपळूणवरून दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतं. कृष्णा पाणीतंटा लवादाने त्याला ठरवून दिलेली मर्यादा वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. तुमची एसटी कोयनानगर, कुंभार्ली, चिपळूण अशी त्याच पाण्यासोबत जाते.

म्हणून बसमध्ये गाण्यांच्या भेंड्यांच्या मध्ये चार थांबे घ्या. प्रत्येक मुलाकडे घडीचा नकाशा: कोयनानगर, घाटमाथा, चिपळूणचा वाशिष्ठी पूल, आणि शेवटी अंजनवेल किंवा धोपाव्याहून दिसणारं खाडीचं मुख. प्रत्येक ठिकाणी निळ्या पेन्सिलने रेघ पुढे न्यायची. जमलं तर चारही ठिकाणच्या पाण्याचा खारटपणा मोजा. त्यासाठी यंत्र लागत नाही. स्ट्रॉच्या एका तोंडाला मळलेल्या मेणाचा गोळा लावा, आत दोन-तीन छर्रे घाला, म्हणजे ती पाण्यात उभी तरंगते. गोड्या पाण्यात किती बुडते तिथे खूण करा. खाऱ्या पाण्यात ती थोडी वर येते. फरक मिलिमीटरांत असतो, म्हणून स्ट्रॉ बारीक घ्या आणि वारा लागणार नाही अशा उंच भांड्यात मोजा. पाणी काठावरून बादलीने शिक्षकांनी काढायचं.

खाडीच्या चिखलात खारफुटी दिसेल. चिखलातून वर आलेली श्वासमुळं मोजायला लावा, एका चौकटीत किती ते. चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या (छोटे मासे) मुलांना फार आवडतात. पांढरी चिप्पी हा २०२० पासून आपला राज्य कांदळवृक्ष आहे, एवढं सांगा, पण 'चला, रोप लावू' असं करू नका. रोजच्या भरतीत बुडणाऱ्या मोकळ्या चिखलावर उत्साहाने लावलेली रोपं बहुतेक मरतात, आणि तो मोकळा चिखल स्वतःच पक्ष्यांची खाण्याची जागा असतो.

आता कृष्णेकडे परत येतो. ओडिशात २०२१ मध्ये खुणेची पट्टी लावलेली एक ऑलिव्ह रिडले कासवी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. बंगालच्या उपसागरातून अरबी समुद्रात! त्याआधी फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरला उपग्रह-यंत्र लावलेली 'बागेश्री' श्रीलंकेला वळसा घालून तिकडे गेली होती. म्हणजे कराडचं पाकीट गुहागरला येत नाही, पण ते जिथे जातं तिथलं कासव गुहागरला येतं. ही एवढी एक रेघ नकाशावर काढून दाखवा.

जानेवारीत गुहागरला कासवांची अंडी कुंपणात जपलेली दिसू शकतात. आधी वनविभागाला किंवा कासवमित्रांना विचारा. एका घरट्यात शंभरावर अंडी, ४५ ते ६० दिवसांत पिल्लं. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निघतात, म्हणून घरट्यावरची सावली आणि खड्ड्याची खोली यांना महत्त्व असतं. पिल्लं सोडण्याची वेळ जुळली तर मुलं दोरीमागे बसून पाहतील, फ्लॅश नाही, हात लावणं नाही, उचलून पाण्यात ठेवणं नाही. त्यांनी ती वाळू स्वतः चालून जायची असते.

वाळूची_चाळण

स्वच्छता मोहिमेबद्दल. नुसती करू नका, मोजणी करा. पोतं भरलं की मुलांना वाटतं काम झालं. दुसऱ्या भरतीला तेवढंच परत येतं आणि पुढच्या खेपेला उत्साह मावळतो.

भरतीच्या रेघेशी समांतर २० मीटरचा पट्टा एका गटाला, रुंदी पाण्याच्या कडेपासून सुरू-केवड्याच्या ओळीपर्यंत. आधी उचलायचं नाही, आधी नोंद. वर्ग थोडेच ठेवा: पाकिटं, बाटल्या आणि झाकणं, थर्माकोल, जाळी-दोर, चपला, काच, ओळखू न येणारे तुकडे. वर्ग पंधरा केले की मुलं वाद घालत बसतात. वजन करू नका, ओल्या जाळ्यात वाळू अडकते आणि एकच दोर सगळ्या पाकिटांना मागे टाकतो. नग मोजा.

मग प्रत्येक वस्तूला एक प्रश्न: ही इथेच टाकलेली की वाहत आलेली? छापील पत्ता वाचा. रंग उडालाय का पाहा. आणि बाटलीवर देठ असलेले छोटे बार्नॅकल चिकटलेले असतील तर ती बराच काळ उघड्या समुद्रात तरंगत होती. मुलांना हा पुरावा शोधायला आवडतो, आणि 'कचरा पर्यटक करतात' किंवा 'मच्छीमार करतात' अशी घाईची उत्तरं आपोआप मागे पडतात.

काच, सुया, औषधांच्या बाटल्या मोठ्यांनीच उचलायच्या. हातमोजे जाड रबरी, पातळ पॉलिथिनचे नकोत. ते फाटतात आणि त्यांचाच कचरा होतो. खडकात रुतलेलं जाळं ओढू नका, त्यासोबत कालवं आणि स्पंज उपटून येतात. मोकळा भाग कापून घ्या. वाळलेलं शेवाळ, ओंडके, नारळ उचलायचे नाहीत, त्याखाली उड्या मारणारे छोटे जीव असतात आणि ते पक्ष्यांचं खाद्य आहे. हे अगदी नेहमी चुकतं, किनारा 'चकाचक' करण्याच्या नादात.

गोळा केलेलं कुठे जाणार, ते ग्रामपंचायतीशी आधी बोलून ठरवा. वाळूच्या वर ठेवलेली पोती कुत्री फाडतात.

वेळ असेल तर चौकट भरतीच्या रेघेवर ठेवून वरची एक सेंटिमीटर वाळू खरवडा, साधारण अडीच लीटर निघते. उन्हात पसरून सुकवा, ओली वाळू चाळणीतून पडत नाही. मग रव्याच्या चाळणीने चाळा. वर उरेल ते समुद्राच्या पाण्यात टाका: पिशव्या, झाकणं, दोर यांचे तुकडे तरंगतात, पाण्याच्या बाटलीचे बुडतात, म्हणून खाली बसलेलंही एकदा पाहा. मसुरीएवढे गोल पांढरट दाणे सापडले तर ते प्लास्टिकचा कच्चा माल आहे. २५ मे २०२५ ला एमएससी एल्सा ३ हे जहाज कोचीजवळ बुडालं, तेव्हा असेच दाणे केरळच्या किनाऱ्यावर लागले. पालापाचोळा पण तरंगतो, तो प्लास्टिकमध्ये मोजला जाऊ नये, चिमटीत दाबून पाहा.

चिंबोरी

शाळेतल्या प्रयोगांबद्दल थोडक्यात. ताजं अंडं समुद्राच्या खारटपणाला तरंगत नाही. समुद्रात लीटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, अंडं वर यायला लीटरभर पाण्यात सव्वाशे ग्रॅमच्या आसपास मीठ घालावं लागतं. 'समुद्रात अंडं तरंगतं' असं सांगून प्रयोग केलात तर एखादा हुशार मुलगा बरोबर ३५ ग्रॅम घालेल आणि तुमचं उत्तर चुकेल. उलट तोच प्रयोग करा: ३५ पासून सुरुवात, दर वेळी २० ग्रॅम वाढवत, कधी तरंगतं त्याची नोंद.

शिंपला व्हिनेगरमध्ये टाकून 'समुद्र आम्लधर्मी होतोय' दाखवतात, तोही जपून. समुद्र आजही अल्कलीच आहे, सामू (pH) ८.१ च्या आसपास. पूर्वीपेक्षा तो उतरतोय आणि कवच बांधणं अवघड होतंय, हे खरं. शिंपले विरघळून फेसाळतात असं नव्हे. 'दर दुसरा श्वास समुद्राचा' हे घोषवाक्यही टाळा. जगातलं जवळजवळ निम्मं प्रकाशसंश्लेषण समुद्रात होतं, पण तो प्राणवायू जवळजवळ सगळा समुद्रातच खर्च होतो. घोषवाक्यांच्या स्पर्धेऐवजी प्रत्येक गटाने आपल्या आकड्यांचा एक तक्ता भिंतीवर लावावा.

गुहागर परिसरातल्या मासळी बाजारात अर्धा तास मिळाला तर कागदाच्या दोन पट्ट्या कापून न्या: १३५ मिलिमीटर पापलेटची, १८० बोंबलाची. यापेक्षा लहान पकडू नये असा राज्याचा नियम २०२३ मध्ये आला. पापलेट त्याच वर्षी राज्य मासा जाहीर झाला. आधी मावशींना विचारून, मासा त्यांनीच धरायचा, मुलांनी फक्त पट्टी लावायची. लहान मासा दिसला तर मुलांनी त्यांना जाब विचारायचा नाही, हे बसमध्येच बजावा. जाळ्याचा आस (भोकाचा आकार) किती बारीक आणि तो कोण ठरवतो, हे विचारायचं. जून-जुलैत मासेमारी बंद का असते, तेही विचारू द्या. उत्तर पुस्तकातल्यापेक्षा चांगलं मिळेल.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तृतीयेचं ठरलं. पहिल्या दिवशी नकाशा आणि खाडी, दुसऱ्या दिवशी साडेसहाला खडप, साडेआठला वर, मग नाश्ता, वाळूवरची मोजणी आणि दुपारी बाजार. अंडं, शपथ आणि संग्रह वगळले. एकच प्रश्न: साडेसहाला जानेवारीत पुरेसा उजेड असतो का?

खडपवाट

नसतो. जानेवारीत तिकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, साडेसहाला दगडावरचं शेवाळ दिसणार नाही. साडेसहाला वाळूवर जमा, हजेरी, गट, बुटांच्या नाड्या तपासा, पाण्याच्या कडेला एक काठी रोवा आणि दर दहा मिनिटांनी पाणी काठीपासून किती मागे गेलं ते एका गटाला मोजू द्या. खडपावर सव्वासातला. तक्त्यात ओहोटी आठच्या आधीची निघाली तर वर येण्याची वेळही तेवढीच आधी घ्या, उशिरा उतरलो म्हणून उशिरा चढायचं नाही. वर आल्यावर काठी पुन्हा मोजा.